पर्जन्यमापकाची बॅटरी आधी, यंत्र मागाहून

पूस व पैनगंगा यांच्या खोऱ्यातील महागाव तालुक्यात 22 जुलै 2023 रोजी आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला. अडकलेल्या ग्रामस्थांच्या सुटकेसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली. अशा दिवशी कोणत्या प्रहरी किती पाऊस पडला, याची नोंद गावापाशी असणे अगत्याचे असते. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टी मानली जाते. परंतु एका शिवारात मुसळधार आणि शेजारच्या शिवारात नुसती भुरभुर, हा अनुभव प्रत्येक शेतकऱ्यास आहे. गावचा पर्जन्यमापक शासकीय नोंदीची जागा घेऊ शकत नाही, तथापि पेरणी, फवारणी व पुराची सावधगिरी यांस तो निश्चित उपयोगी पडतो.

मायक्रोकंट्रोलर बसविलेला पर्जन्यमापक आता गावातील होतकरू तरुणही जुळवू शकतात. यंत्रातील लहानशी पळी पाण्याने भरली की कलंडते आणि मायक्रोकंट्रोलर तिचे हेलकावे मोजतो. मात्र असे यंत्र केवळ घरच्या विजेवर चालविले, तर वादळात वीज जाताच मोजणी थांबते. ज्या घटकेसाठी यंत्र उभारले, त्याच घटकेस ते आंधळे होते. म्हणून बॅटरी ही मागाहून सुचलेली जोड नसावी. यंत्राची आखणी तिच्यापासूनच व्हावी.

मोबाइलची पॉवर बँक लावली की काम झाले, हा समज पुष्कळदा फसवा ठरतो. अल्प वीज घेणारे यंत्र जोडलेले असल्यास अनेक पॉवर बँका आपोआप बंद होतात. काहींचा पुरवठा वीज जाता-येता क्षणभर खंडित होतो व मायक्रोकंट्रोलर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. अशा वेळी तात्पुरत्या स्मृतीतील आकडा नाहीसा होतो. यास्तव घरची वीज व बॅटरी हे दोन्ही पुरवठे डायोडमार्फत एकत्र आणावेत, म्हणजे एक गेला तरी दुसरा तत्क्षणी भार उचलतो. आकडा कायम स्मृतीत साठवावा व घड्याळास स्वतंत्र नाणे-सेल द्यावा.

बॅटरी किती मोठी घ्यावी, याचा हिशेब सोपा आहे. यंत्र 50 मिलिअँपिअर वीज घेत असेल, तर 2,500 मिलिअँपिअर-तासांचा सेल कागदोपत्री 50 तास पुरेल. झीज व गळती धरून 30 तासच गृहीत धरावेत. संदेश धाडणारा मोडेम क्षणभर 2 अँपिअरपर्यंत वीज ओढतो. सबब आधी मोजणी, मग संदेश, हा क्रम राखावा.

विदर्भाच्या उन्हात पत्र्याच्या पेटीत लिथियम सेल ठेवणे धोक्याचे होय. सेल सावलीत, हवेशीर व कोरड्या जागी ठेवावा. संरक्षक मंडलाविना तो वापरूच नये.

मृग नक्षत्रापूर्वी ग्रामसेवकांनी एक चाचणी अवश्य करवून घ्यावी. घरची वीज बंद करून, 200 चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकात 200 मिलिलिटर पाणी सावकाश ओतावे. नोंद 10 मिलिमीटरच्या आसपास आली पाहिजे. वीज परत आल्यावरही तोच आकडा कायम राहिला, तरच यंत्र पावसाळ्यास सज्ज झाले असे समजावे.