जूनमधील हामटा खिंड

मेच्या अखेरीस कुलू खोऱ्यातील सफरचंदाच्या बागा हिरव्यागार असतात. परंतु तेथून लाहौलकडे नेणारी सुमारे 4,270 मीटर उंचीची हामटा खिंड, हिवाळ्यात हिमवृष्टी अधिक झाली असेल तर, जूनमध्येही बर्फाखालीच असते. अशा वेळी पायवाट नव्हे, घड्याळ पाहून चालावे लागते. पहाटे बर्फ कठीण व निसरडा असतो, तेव्हा बुटांना काटेरी पट्टे हवेत. दुपारी त्याच बर्फात मांडीपर्यंत पाय रुततो. ओढ्यांवरचे बर्फाचे पूल तर वरून भक्कमच दिसतात. खालून वाहते पाणी त्यांना पोखरत असते. उन्हाने तापलेल्या मोठ्या खडकांच्या कडेलाही अशीच पोकळी होते, म्हणून खडकाला बिलगून चालू नये.

खिंडीपलीकडे शिया गोरूचा प्रवाह ओलांडावा लागतो. दिवसभर वितळलेले पाणी सायंकाळी तेथे फुगून येते. सकाळी ते उतरलेले असते. पाण्यात शिरण्यापूर्वी पाठपिशवीचा कमरपट्टा सोडावा, म्हणजे तोल गेल्यास ओझे तत्काळ टाकता येते.

मुले बरोबर असतील आणि वाटाड्या परत फिरा म्हणाला, तर भरलेली रक्कम व परतीचे तिकीट आड येऊ देऊ नये. पडत्या बाजारात खरेदीचा भाव आठवून माल धरून ठेवण्यासारखेच ते. शक्य असल्यास बेत जूनअखेरीस ठेवावा, आणि हाताशी दोन दिवस मोकळे असावेत.