विमा खाटेचा, मुलाचा नव्हे

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा संसदेने २०१६ साली संमत केला. १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांच्या जागी त्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले. त्यांपैकी ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या प्रकाराच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचा, म्हणजे हालचालींच्या समन्वयातील विकाराचा, स्पष्ट उल्लेख आहे. कायद्याने ज्याला ओळखले, त्याला विमा मात्र अद्याप ओळखत नाही.

या विकारात बुद्धी शाबूत असते. पण मनात योजलेली हालचाल हातापायांकडून नीट वठत नाही. शर्टाची बटणे लावणे, बुटाची नाडी बांधणे, ओळीत अक्षर काढणे हीच रोजची लढाई होऊन बसते. शाळकरी वयाच्या दर शंभर मुलांपैकी पाच-सहा मुलांत हा विकार आढळतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. सुखवस्तू घरातील मुलाला तज्ज्ञ भेटतो; श्रमिकाच्या मुलाला ‘धांदरट’ ही पदवी आणि पाठीत धपाटे मिळतात. यावर गोळी नाही, शस्त्रक्रिया नाही. ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी यांची चिकाटीने, आठवड्यामागून आठवडे दिलेली साथ हाच उपाय आहे.

आणि नेमकी येथेच विमा पाठ फिरवतो. त्याचे सारे गणित रुग्णालयाच्या खाटेवर बांधलेले आहे. रुग्ण दाखल झाला तर खर्च मिळणार. जो आपल्या पायांनी येऊन तासाभराने घरी जातो, तो विम्याच्या लेखी रुग्णच नव्हे. २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना गरीब कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाखांचे संरक्षण देते. परंतु बाह्यरुग्ण उपचार तिच्या कक्षेबाहेर आहेत. ज्या मुलाला खाटेची गरजच नाही, त्याच्या वाट्याला या पाच लाखांतून थेरपीसाठी एक रुपयाही येत नाही. आईचा रोज मात्र दर खेपेला बुडतो.

दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अपंगांच्या विम्याच्या हक्काची बाजू उचलून धरली. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना अपंगांसाठी पॉलिसी देण्याचा आदेश दिला. दार उघडले खरे. पण आत पुन्हा तीच खाट! त्या नमुना पॉलिसीचा कणाही रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च हाच आहे.

विमा अनपेक्षित संकटासाठी असतो, आधीच ठाऊक असलेल्या अवस्थेसाठी नव्हे, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो. नफ्याच्या हिशेबात तो बिनतोड ठरेल. सार्वजनिक धोरणात तो टिकत नाही. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना २००८ पासून स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना एक लाखापर्यंतचे संरक्षण देत आली आहे. तीत बाह्यरुग्ण उपचार आहेत, थेरपीही आहे. नोंदणीपूर्वी वैद्यकीय तपासणीची अटही नाही. जे चार प्रकारांसाठी शक्य झाले, ते उरलेल्यांसाठी अशक्य कसे? अडचण विमाशास्त्राची नाही, राजकीय इच्छाशक्तीची आहे.

२०१६ च्या कायद्याच्या २४ व्या कलमाने सर्वंकष विमा योजनेचे दायित्व शासनावरच टाकले आहे. तेव्हा मागणी दयेची नाही, कायद्याच्या अंमलबजावणीची आहे. ‘निरामय’ची कक्षा एकवीसही प्रकारांपर्यंत वाढवावी. आयुष्मान भारतमध्ये बाह्यरुग्ण थेरपीचा समावेश करावा. केवळ विम्याचे कार्ड हाती देऊन भागणार नाही. तालुक्यात थेरपिस्टच नसेल तर ते कार्ड दाखवायचे कोणाला? म्हणून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपिस्टचे पद निर्माण करून ते भरले गेले पाहिजे.

खाट अडवून पडल्याखेरीज ज्या व्यवस्थेला माणूस दिसत नाही, तिने स्वतःला आरोग्यव्यवस्था म्हणवून घेऊ नये.