शिस्तीच्या शाळेत वादाला जागा

'वाद घालू नकोस' हे वाक्य आपल्याकडे घरात, वर्गात आणि परेड ग्राउंडवर सारख्याच सहजपणे ऐकू येते. 'वाद' या शब्दाला भांडणाचा वास चिकटला आहे, आणि सैनिकी शाळेत तर तो शिस्तीचा शत्रूच मानला जातो. माझे मत वेगळे आहे. ज्या शाळेत हुकूम पाळायला शिकवतात, तिथे नियमाने वाद करायलाही शिकवले पाहिजे. आणि तेही वर्षातून एकदा ट्रॉफीसाठी न शिकवता दर आठवड्याला, ट्रॉफीशिवाय. या मताला मी आधार घेतो तो अमेरिकेतल्या जुन्या कॉलेजांमधल्या विद्यार्थ्यांच्या वादसभांचा, म्हणजेच डिबेटिंग सोसायट्यांचा.

अठराव्या शतकातले अमेरिकन कॉलेज आपल्या कॅडेटांना फारसे परके वाटणार नाही. चौदा-पंधरा वर्षांची मुलेही तिथे दाखल होत. पहाटे प्रार्थना, घंटेवर चालणारा दिवस, नियम मोडला की दंड. अभ्यास म्हणजे मुख्यतः लॅटिन आणि ग्रीक ग्रंथांचे पाठांतर. शिक्षक विचारतील तेवढे उभे राहून म्हणून दाखवायचे. वाद करायला शिकवत, पण तोही बराचसा लॅटिनमध्ये आणि तर्कशास्त्राच्या ठरीव साच्यात. आपल्या भाषेत, आपल्या काळातल्या प्रश्नावर, आपल्या डोक्याने बोलायला जागा नव्हती. ती जागा मुलांनी स्वतः तयार केली.

येल कॉलेजात १७५३ मध्ये 'लिनोनिया' आणि १७६८ मध्ये 'ब्रदर्स इन युनिटी' ही मंडळे निघाली. प्रिन्स्टनमध्ये, ज्याला तेव्हा कॉलेज ऑफ न्यू जर्सी म्हणत, १७६९ मध्ये 'अमेरिकन व्हिग सोसायटी' आणि १७७० मध्ये 'क्लिओसॉफिक सोसायटी' सुरू झाली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १७९५ साली पहिले विद्यार्थी आले आणि त्याच वर्षी तिथे दोन वादसभा उभ्याही राहिल्या. त्यातल्या 'डायलेक्टिक'चा रंग निळा आणि 'फिलँथ्रॉपिक'चा पांढरा. आज त्या विद्यापीठाचे खेळाडू जो निळा-पांढरा गणवेश घालतात, त्याचे मूळ या दोन वादसभांत आहे.

या सभांचे काम कसे चालत असे, ते आपल्या शाळांनी नीट पाहावे. अध्यक्ष, सचिव, खजिनदार सगळे विद्यार्थीच. सभा साधारणपणे दर आठवड्याला. आधी हजेरी. उशिरा आला, गैरहजर राहिला किंवा सभेत गडबड केली, तर दंड. तो मुलांनीच ठरवलेला आणि मुलांनीच वसूल केलेला. मग निबंधवाचन, भाषण आणि शेवटी वाद. कोणी कोणत्या बाजूने बोलायचे हे बहुधा आधीच नेमून दिलेले असे, त्यामुळे स्वतःला न पटणारी बाजूही मांडावी लागे. बोलणे अध्यक्षांना उद्देशून, आपली पाळी आल्यावर आणि समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर म्हणून. नंतर निकाल आणि इतिवृत्तात नोंद. वाचल्याशिवाय बोलता येत नाही हे मुलांना लवकरच कळले, तेव्हा त्यांनी वर्गणी काढून ग्रंथालये उभारली. काही ठिकाणी या मंडळांची पुस्तके कॉलेजच्या ग्रंथालयाहून जास्त उपयोगाची होती. येलमधल्या दोन मंडळांची पुस्तके पुढे विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली आणि तिथल्या एका वाचनकक्षाला आजही त्याच मंडळांचे नाव आहे.

म्हणजे मुले वाद करत होती आणि तो करता करता स्वतःला शिस्तही लावून घेत होती. आपल्याकडच्या जुन्या न्यायशास्त्राने हा भेद फार पूर्वी केला आहे. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, आणि समोरच्याला नुसते खोडण्यासाठी होते ती वितंडा. मराठीत 'वितंडवाद' हा शब्द अजून आपण वापरतो, पण त्याच्या शेजारचा 'वाद' मात्र बदनाम करून टाकला. प्रिन्स्टनलाही हा भेद अनुभवाने शिकावा लागला. १७६५ च्या सुमारास तिथे 'वेल मीनिंग क्लब' आणि 'प्लेन डीलिंग क्लब' अशी दोन मंडळे होती. त्यांच्यातली चुरस भांडणावर आली, तेव्हा कॉलेजने दोन्ही बंद केली. वर्ष-दोन वर्षांत त्यांच्याच जागी व्हिग आणि क्लिओसॉफिक उभी राहिली आणि ती टिकली.

त्या वेल मीनिंग क्लबच्या संस्थापकांत तीन तरुण होते: विल्यम पॅटर्सन, ऑलिव्हर एल्सवर्थ आणि ल्यूथर मार्टिन. समोरच्या व्हिग सोसायटीत पुढे जेम्स मॅडिसन आला. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना तयार करायला ५५ प्रतिनिधी जमले, त्यांत हे चौघेही होते. मॅडिसनने तयार केलेल्या व्हर्जिनिया योजनेत मोठ्या राज्यांना जास्त प्रतिनिधी मिळत होते. पॅटर्सनने लहान राज्यांच्या बाजूने न्यू जर्सी योजना मांडली. एल्सवर्थने कनेटिकटच्याच रॉजर शर्मनबरोबर मधला मार्ग लावून धरला: एका सभागृहात लोकसंख्येनुसार जागा, दुसऱ्यात प्रत्येक राज्याला समान. १६ जुलै १७८७ रोजी तो मंजूर झाला आणि अमेरिकेची संसद आजही त्यावर चालते. मार्टिनला ती घटनाच मान्य नव्हती. तो सही न करता निघून गेला आणि उघडपणे तिच्या विरोधात लिहीत-बोलत राहिला.

मला यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे की, एकाच मंडळात तयार झालेले तिघे तीन दिशांना गेले. वादसभेने त्यांना एकच मत दिले नाही. आपले मत चार लोकांसमोर मांडायची, दुसऱ्याचे ऐकायची आणि त्याला उत्तर द्यायची सवय दिली. मॅडिसन तर अंगाने किरकोळ आणि आवाजाने मवाळ. १७८८ मध्ये रिचमंडच्या अधिवेशनात त्याच्यासमोर पॅट्रिक हेन्री होता, त्या काळचा गाजलेला वक्ता. मॅडिसनचा आवाज कधी कधी इतका खाली जाई की, टिपणे घेणाऱ्याला शब्द ऐकू येत नसत. पण तो एकेक कलम घेऊन मुद्द्याला मुद्द्याने उत्तर देत राहिला. ८९ विरुद्ध ७९ मतांनी व्हर्जिनियाने घटना स्वीकारली. ज्या कॅडेटला 'माझा आवाज चांगला नाही' असे वाटते, त्याने हे लक्षात ठेवावे.

'हे सगळे राजकारण्यांना ठीक, सैनिकाला काय उपयोग?' असा प्रश्न येईल. त्याचेही उत्तर याच इतिहासात आहे. वेस्ट पॉइंटच्या अमेरिकन लष्करी अकादमीत कॅडेटांची स्वतःची 'डायलेक्टिक सोसायटी' होती. १८४३ मध्ये पास आउट झालेला युलिसिस ग्रँट शेवटच्या वर्षी तिचा अध्यक्ष होता. हाच ग्रँट पुढे यादवी युद्धात उत्तरेचा सरसेनापती झाला. तो वक्ता कधीच नव्हता, भाषण टाळायचाच. पण त्याचे लेखी हुकूम इतके स्वच्छ असत की, त्यांचे दोन अर्थ निघत नसत. नेमके काय म्हणायचे आहे हे स्वतःला कळलेले असले, तरच असे लिहिता येते.

दुसरे उदाहरण जोशुआ चेंबरलेनचे. मेन राज्यातल्या बोडन कॉलेजात तो 'प्यूसिनियन सोसायटी' या वादसभेचा सभासद होता. लहानपणापासून तो अडखळत बोलत असे. कॉलेजच्या काळात कष्टाने त्याने त्यावर मात केली आणि पुढे तिथेच वक्तृत्वशास्त्राचा प्राध्यापक झाला. युद्ध सुरू झाल्यावर तो सैन्यात गेला. मे १८६३ मध्ये दुसऱ्या मेन पलटणीचे सुमारे १२० सैनिक त्याच्या विसाव्या मेन पलटणीकडे पहाऱ्यात पाठवण्यात आले. त्यांचे म्हणणे होते की, आमचे सोबती मुदत संपून घरी गेले, मग आम्हीच का लढायचे? ऐकले नाहीत तर गोळ्या घालण्याचा अधिकार चेंबरलेनला होता. त्याने आधी त्यांना जेवू घातले, त्यांची तक्रार ऐकून घेतली आणि मग आपले म्हणणे मांडले. बहुतेक सर्वजण लढायला तयार झाले. काही आठवड्यांनी, २ जुलैला, गेटिसबर्गच्या लिटल राउंड टॉप टेकडीवर सैन्याची डावी बाजू सांभाळताना हेच लोक त्याच्या रांगेत उभे होते. अधिकाऱ्याचा शब्द कधी कधी हुकुमाहून जास्त काम करतो, हे फौजेत राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

या मंडळांचे गुणगान करून थांबणे मात्र खोटेपणाचे होईल. १७७३ मध्ये येलच्या पदवीदान समारंभात नेथन हेल आणि त्याच्या सोबत्यांनी एका प्रश्नावर वाद केला: मुलींच्या शिक्षणाकडे मुलांच्या मानाने होणारे दुर्लक्ष अन्यायाचे नाही काय? हेल लिनोनियाचा सभासद होता. दुसऱ्याच वर्षी न्यू लंडनमध्ये शिक्षक असताना तो पहाटे पाच ते सात मुलींचा वर्ग घेत असे. १७७६ मध्ये वॉशिंग्टनच्या सैन्यातला हा एकवीस वर्षांचा कॅप्टन हेरगिरी करताना ब्रिटिशांच्या हाती सापडला आणि फासावर गेला. पण ज्या येलमध्ये तो प्रश्न विचारला गेला, तिथे पदवीच्या वर्गात मुली आल्या त्या १९६९ मध्ये. ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजने मुलींना आधीच प्रवेश दिला होता. तरी १८४० च्या दशकात तिथे लूसी स्टोन आणि अँटोनेट ब्राउन यांना वर्गात मुलांचे वाद नुसते बसून ऐकावे लागत. तेव्हा त्या मैत्रिणींसह गावाबाहेरच्या रानात जाऊन चोरून वादाचा सराव करत. आपल्या सैनिकी शाळांतही मुलींना प्रवेश मिळून फार वर्षे झालेली नाहीत. वादसभेत त्यांची खुर्ची पहिल्या दिवसापासून असावी.

आणखी एक गोष्ट. जॉर्जियाच्या 'फाय कप्पा' वादसभेत तयार झालेला अलेक्झांडर स्टीफन्स १८६१ मध्ये दक्षिणेच्या बंडखोर राज्यांचा उपाध्यक्ष झाला आणि गुलामगिरी हाच आपल्या नव्या राज्याचा पाया आहे असे त्याने सव्हॅनाच्या सभेत ठासून सांगितले. भाषण प्रभावी होते, म्हणणे अमानुष होते. वादसभा जीभ तयार करते. विवेक तयार करण्याचे काम तिच्यावर सोपवून शिक्षकांना आणि आईवडिलांना मोकळे होता येणार नाही.

आता आपल्याकडे पाहू. मी आंतरशालेय वादस्पर्धांचे परीक्षण करत आलो आहे. बहुतेक भाषणे पाठ केलेली असतात, आणि पुष्कळदा ती शिक्षकांनी किंवा पालकांनी लिहून दिलेली असतात. हातवारे सुरेख, आवाज खणखणीत. पण आधीच्या वक्त्याने काय म्हटले याचा पत्ता नसतो. बाजू बदलून बोल म्हटले, तर मुलगा गांगरतो. मग बारावीनंतर एसएसबीच्या ग्रुप डिस्कशनसाठी हजारो रुपये भरून क्लास लावायचा. तिथे युक्त्या मिळतात. ऐकण्याची सवय मात्र सहावीपासूनच लागावी लागते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक हाउसने आठवड्यातून एक संध्याकाळ, पाऊण तास, वादसभेला द्यावी. अध्यक्ष आणि सचिव कॅडेट असावेत. बाजू चिठ्ठी टाकून ठरावी. प्रत्येकाने आधी समोरच्याचा मुद्दा दोन वाक्यांत सांगावा आणि 'हो, हेच मला म्हणायचे होते' असे समोरच्याने मान्य केल्यावरच उत्तर द्यावे. आपल्या शास्त्रकारांची पूर्वपक्ष मांडण्याची रीत हीच. इतिवृत्त लिहावे, मत घ्यावे आणि हरलेल्या बाजूने निकाल कुरकुर न करता स्वीकारावा. हाउसमास्टरांनी मागच्या बाकावर बसावे आणि अगदी गरज पडल्याशिवाय तोंड उघडू नये. हे शेवटचे सर्वांत अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

'याने मुले उलट बोलायला लागतील' ही काही सहकाऱ्यांची भीती मला समजते. पण फौजेतही निर्णय होण्याआधी कनिष्ठ अधिकाऱ्याने आपले मत स्पष्ट सांगावे अशी अपेक्षा असते, आणि निर्णय झाला की तो स्वतःचाच मानून पार पाडावा अशीही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमायला हव्यात. कधी बोलायचे आणि कधी थांबायचे हे ज्याला नियमाने शिकवले, तो उलट बोलत नाही. उलट बोलतो तो बहुधा ज्याला बोलायला जागाच मिळाली नाही तो.

पालकांनाही एक विनंती. सुटीत मुलगा किंवा मुलगी घरी आली की, जेवताना एखाद्या विषयावर त्यांचे मत विचारा आणि शेवटपर्यंत ऐका. पटले नाही, तर का पटले नाही ते सांगा. आणि कॅडेट मित्रांनो, तुमच्या हाउसची पहिली सभा भरेल तेव्हा वादाला हाच विषय घ्या: सैनिकी शाळेत दर आठवड्याला वादसभा असावी की नसावी? माझ्या विरुद्ध बाजूची चिठ्ठी ज्याला येईल, त्याने हा लेख नीट वाचून यावे आणि यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर द्यावे. ते इतिवृत्त मला वाचायला आवडेल.