खेळ चांगला, पण शेवट चुकला

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की घराघरांत दोन तट पडतात. मोठी माणसे म्हणतात, "त्यानं डोळे जातात आणि पोरं मारकुटी होतात." मुले म्हणतात, "खेळच तर आहे, त्यात काय एवढं!" मला दोन्ही बाजूंचे म्हणणे अर्धेच पटते. का, ते एका खेळाचे उदाहरण घेऊन सांगतो.

खेळाचे नाव 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द रिटर्न ऑफ द किंग'. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने तो २००३ साली काढला. माझ्या मामेभावाकडे हा जुना खेळ अजून आहे. सुट्टीत मी तो खेळलो आणि मग मूळ गोष्टही समजून घेतली.

ही गोष्ट जे. आर. आर. टॉल्कीन या इंग्रज लेखकाची. ते १८९२ साली जन्मले व १९७३ साली वारले. ते ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. पण त्याआधी, तरुणपणी, ते पहिल्या महायुद्धात गेले होते आणि १९१६ साली फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत होते. म्हणजे लढाई काय असते हे या माणसाने डोळ्यांनी पाहिले होते. त्यांचे पुस्तक १९५४-५५ मध्ये तीन भागांत निघाले. त्यावर पीटर जॅक्सन यांनी न्यूझीलंडमध्ये तीन चित्रपट केले. ते २००१, २००२ आणि २००३ साली आले. तिसऱ्याला तर अकरा ऑस्कर मिळाले.

गोष्ट थोडक्यात अशी. एक दुष्ट अंगठी आहे. ती ज्याच्याजवळ राहील त्याचे मन ती बिघडवते. ज्या डोंगराच्या आगीत ती घडवली, त्याच आगीत टाकली तरच ती नष्ट होणार. हे काम येते फ्रोडोवर. तो राजा नाही, पैलवान नाही, उंचीने माणसाच्या निम्मा. सोबतीला त्याचा माळी सॅम. आणि त्यांच्या मागावर गोलम. ही अंगठी पूर्वी गोलमजवळ होती, तिच्या हव्यासाने त्याचे पार वाटोळे झाले आहे.

आता खेळाविषयी. जे चांगले आहे त्याला चांगले म्हटलेच पाहिजे. आधी चित्रपटाचा तुकडा दिसतो आणि बघता बघता तोच पुढे खेळ होतो. गंडाल्फची काठी एकदम आपल्या हातात येते! खेळायला तीन वाटा आहेत. एक जादूगाराची, एक राजाची, एक हॉबिटांची. आणि मुख्य म्हणजे दोघांना एकाच वेळी एका बाजूने खेळता येते. २००२ सालच्या आधीच्या 'द टू टॉवर्स' या खेळात ही सोय नव्हती. एकाला शत्रूने घेरले की दुसरा धावून येतो. मामेभाऊ आणि मी एरवी भांडतो, पण या खेळात कधी भांडलो नाही.

पोरे मारकुटी होतात म्हणाल, तर आपण कबड्डी खेळतो तेव्हा 'मेला, मेला' म्हणून ओरडतोच की! त्याने कुणी खुनी झालेले मी पाहिले नाही.

मग माझी तक्रार कशाबद्दल आहे? ती शेवटाबद्दल आहे.

या खेळात शत्रू जितक्या सफाईने मारावा तितके गुण जास्त मिळतात. त्या गुणांवर नवे नवे डाव मिळतात. राक्षसांची फौज किल्ल्यावर चालून आली आहे तोवर हे ठीक आहे. पण शेवटच्या टप्प्यात आपल्याला फ्रोडो होऊन गोलमशी झुंजावे लागते. त्याला आगीत पाडले की आपण जिंकलो. चित्रपटातही दोघांची झटापट होते आणि गोलम अंगठीसकट खाली जातो.

पुस्तकात मात्र निराळेच आहे. इतके कष्ट करून फ्रोडो आगीच्या काठाशी पोचतो आणि तिथेच त्याचे मन फिरते. अंगठी माझी आहे असे म्हणून तो ती बोटात घालतो! तेव्हा गोलम त्याचे बोट चावून तोडतो, अंगठी घेतो, आनंदाने नाचतो आणि पाय घसरून स्वतःच आगीत पडतो. म्हणजे गोलम तिथे नसता तर अंगठी नष्ट झालीच नसती. आणि तो जिवंत कशामुळे होता? आधी फ्रोडोच्या काकांनी, म्हणजे बिल्बोने, त्याला मारता येत असून सोडले. मग फ्रोडोने सोडले. डोंगर चढताना सॅमच्या हातात तलवार होती आणि गोलम समोर पडलेला होता. सॅमनेसुद्धा सोडले. तिघांनी तीनदा दया केली, म्हणून जग वाचले. खेळाने नेमकी हीच गोष्ट गाळली.

मामेभाऊ म्हणतो, "बटण दाबायला काहीतरी नको का? नुसतं बघत बसायचं?" त्याचे म्हणणे खोटे नाही. पण मला एक सुचते. सॅमचा तो प्रसंग खेळात घालावा. गोलम समोर पडलेला आहे, तलवार आपल्या हातात आहे. वार करायचा की नाही ते आपण ठरवायचे. वार केला तर पुढे अंगठी नष्ट होणार नाही आणि आपण हरू. असा टप्पा खेळताना हात नक्की थरथरेल. न दाबलेल्या बटणालाही गुण असतात हे तेव्हा कळेल.

हे मी उगाच लिहीत नाही. मधल्या सुट्टीत आपल्या मैदानावर काय चालते पाहा. एखादा रडीचा डाव खेळला की सगळे मिळून ठरवतात, "याला परत डावात घ्यायचं नाही." मग तो आठ-आठ दिवस भिंतीला टेकून एकटा बसतो. त्याला बाहेर काढणे सोपे आहे, एक बटण दाबण्याइतके सोपे. परत घेणे अवघड. पण ज्याला आज बाहेर काढले, उद्या त्याच गड्याची गरज लागली तर?

म्हणून माझे मत असे आहे. मोठ्या माणसांनी खेळावर सरसकट बंदी घालू नये. मुलांनी खेळ खेळावा, पण त्यामागची गोष्ट वाचावी किंवा कुणाकडून ऐकावी. आणि भिंतीला टेकून बसलेल्याला उद्यापासून डावात घ्यावे.

तुम्हाला हे पटते का? पटत नसेल तर कारणासह लिहून पुढच्या अंकासाठी द्या.

– एक विद्यार्थी, इयत्ता सातवी