खर्च एकाचा, खेळ पाचांचा

डिसेंबर २०२२ मध्ये 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या अमेरिकी कंपनीच्या तत्कालीन प्रमुख सिंथिया विल्यम्स यांनी गुंतवणूकदारांसमोर एक खंत बोलून दाखवली. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या जगप्रसिद्ध खेळातून जेवढा पैसा मिळायला हवा तेवढा मिळत नाही, अशी ती खंत होती. खेळणाऱ्यांमध्ये सूत्रधारांचे प्रमाण जेमतेम २० टक्के. पण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा तेच उचलतात, असे त्यांचे म्हणणे. उरलेल्या मंडळींच्या खिशाकडे कंपनीचे लक्ष वळले आहे, हे त्यातून स्पष्ट झाले आणि पुढच्या महिन्यातच वादळ उठले.

वाद समजून घेण्यासाठी आधी खेळाचे अर्थकारण पाहायला हवे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र निवडतो, सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्रे काय करणार ते खेळाडू ठरवतात आणि यशापयशाचा निकाल वीस बाजूंचा फासा देतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ बाजारात आणला, तेव्हा तीन पुस्तिकांच्या पेटीची किंमत १० डॉलर होती. महागाईचा हिशेब धरला तर आज ती रक्कम ६० डॉलरच्या वर जाते. २०२४ मध्ये सुधारित नियमांचे जे 'प्लेयर्स हँडबुक' निघाले त्याची किंमत ४९.९९ डॉलर आहे आणि सूत्रधाराला लागणारी तिन्ही मुख्य पुस्तके घेतली तर सुमारे १५० डॉलर होतात.

रक्कम प्रथमदर्शनी मोठी वाटते. पण सूत्रधार आणि चार खेळाडू असा पाच जणांचा गट आठवड्यातून एकदा चार तास, असा वर्षभरात ५० वेळा बसला, तर १००० माणशी तास होतात. त्या हिशेबाने पुस्तकांचा खर्च तासाला १५ सेंट. चारही खेळाडूंनी आपापले हँडबुक विकत घेतले तरी तो ३५ सेंटच्या आसपास राहतो. अमेरिकेत २०१९ मध्ये चित्रपटाच्या तिकिटाची सरासरी किंमत ९.१६ डॉलर होती. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाला तासाला साडेचार डॉलरहून अधिक. २०२५ मध्ये आलेल्या 'निन्टेन्डो स्विच २'साठी नुसत्या यंत्राचेच ४४९.९९ डॉलर मोजावे लागले. 'वॉरहॅमर'सारख्या युद्धखेळात छोट्या मूर्तींचे पुरते सैन्य उभे करायला कित्येकशे डॉलर लागतात. रंग आणि कुंचले वेगळेच. गोल्फची गोष्ट तर बोलायलाच नको.

आणि पुस्तके घेतलीच पाहिजेत असेही नाही. या खेळाचे मूलभूत नियम २०१४ पासून कंपनीनेच विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. 'पाथफाइंडर' या प्रतिस्पर्धी खेळाचे नियमही फुकट वाचता येतात. फासे, कागद, पेन्सिल आणि बोलायला तयार असलेली चार माणसे एवढ्यावर वर्षानुवर्षे भागते. दुकानदाराच्या दृष्टीने असा ग्राहक म्हणजे डोकेदुखीच.

याच कंपनीचा 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ मात्र याच्या अगदी उलट आहे. तिथे नवे संच सतत येत राहतात, पाकिटात कोणता पत्ता निघेल हे ठाऊक नसते आणि जुना संच मागे पडला की नवा घेणे भाग पडते. २०२२ मध्ये 'मॅजिक' हा मूळ कंपनी हॅस्ब्रोचा १०० कोटी डॉलरची वार्षिक उलाढाल गाठणारा पहिला खेळ ठरला. त्याच वर्षी ३० व्या वर्धापनाच्या निमित्ताने चार पाकिटे ९९९ डॉलरना विकण्यात आली. स्पर्धेत ते पत्ते चालत नव्हते, हे विशेष. घरातल्या एका खेळातून अशी मिळकत होत असताना दुसऱ्याच्या पुस्तकांवर समाधान मानायचे कसे, असा प्रश्न संचालकांना पडला तर नवल नाही.

त्यातून जे उपाय शोधले गेले ते मात्र खेळाच्या मुळावर येणारे होते. २००० पासून चालत आलेल्या खुल्या परवान्याच्या आधारे शेकडो लहान प्रकाशकांनी साहस-कथा आणि नियमांची पूरक पुस्तके काढली होती. जानेवारी २०२३ मध्ये फुटलेल्या मसुद्यात ७.५ लाख डॉलरपुढील उत्पन्नावर २५ टक्क्यांपर्यंत स्वामित्वशुल्काची तरतूद होती. खेळाडूंनी कंपनीच्या डिजिटल सेवेची वर्गणी बंद करण्याचा सपाटा लावला. महिनाअखेरीस कंपनीने माघार घेतली आणि नियमांचा मूळ गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली कायमचा मोकळा केला.

तरीही विकत घेण्याऐवजी भाड्याने घेण्याकडचा कल थांबलेला नाही. हॅस्ब्रोने २०२२ मध्ये 'डी अँड डी बियाँड' ही डिजिटल सेवा १४.६ कोटी डॉलरना विकत घेतली, ती मासिक वर्गणीच्या भरवशावर. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या पात्रपत्रिकांमधून जुने नियम हटवण्याची घोषणा झाली आणि ग्राहकांच्या संतापामुळे काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. कपाटातले जुने पुस्तक कोणी येऊन खोडून ठेवत नाही, हा फरक त्या निमित्ताने अनेकांच्या प्रथमच ध्यानात आला. २०२५ च्या फेब्रुवारीत आणलेल्या 'सिजिल' या त्रिमितीय टेबलाच्या चमूतील बहुतेकांना मार्चमध्येच घरी पाठवण्यात आले.

दुसरीकडे, ज्यांच्याकडून कंपनीला पैसा मिळतो त्या सूत्रधारांपैकी काहींनी स्वतःच फी आकारायला सुरुवात केली आहे. दर बैठकीला माणशी १५ ते २० डॉलर हा दर ऑनलाइन सर्रास आढळतो. म्हणजे चार तासांच्या बैठकीला तासाला चार-पाच डॉलर. हिशेब पुन्हा चित्रपटाच्या तिकिटापाशी येऊन ठेपतो. फुकट राबणाऱ्या सूत्रधाराची तयारी, रात्री जागून आखलेले नकाशे, यांची किंमत एरवी कुठल्याच हिशेबात धरली जात नव्हती.

मुंबई-पुण्यातही हा खेळ खेळणारे गट आहेत. ४९.९९ डॉलरचे पुस्तक आजच्या विनिमय दराने चार हजार रुपयांच्या वर जाते. तेव्हा वर्गणी काढून गटात एकच प्रत घेणे किंवा फुकट नियमांवर भागवणे हे दोन मार्ग उरतात. इथला खरा तुटवडा पुस्तकांचा नसून जागेचा आणि वेळेचा आहे. दोन खोल्यांच्या घरात रविवारचे चार तास एक टेबल अडवून ठेवायला घरच्यांची परवानगी लागते.