यंत्र म्हणते, विश्रांती घ्या!

माझ्या भाचीला सिकलसेल आहे. गेल्या पावसाळ्यात रोवणीहून ती भिजून घरी आली आणि रात्री ताप चढला, छातीत दुखू लागले. घरातला फोन नवऱ्याचा. त्याने फोनवरच्या 'चॅटबॉट'ला, म्हणजे विचारले की माणसासारखे उत्तर देणाऱ्या यंत्राला, मराठीत विचारले. उत्तर लगेच आले. भरपूर पाणी प्या, अंग उबदार ठेवा, शेक घ्या, विश्रांती घ्या, ताण टाळा. सगळ्यात शेवटी लिहिले होते की ताप आणि छातीत दुखणे असेल तर तातडीने रुग्णालयात जा. शेवटपर्यंत कोणी वाचलेच नाही. रात्रभर शेक दिला. सकाळी दवाखान्यात नेली तेव्हा तिला धड श्वास घेता येत नव्हता. ऑक्सिजन लागला, रक्त चढवावे लागले. ती वाचली, म्हणून हा लेख लिहिते आहे.

मैत्रिणींनो, यंत्र खोटे बोलले असे मी म्हणत नाही. पण सिकलसेलच्या रुग्णाला ताप आणि छातीत दुखणे म्हणजे आधी दवाखाना, बाकी सगळे नंतर. ही गोष्ट पहिल्या ओळीत सांगायची असते. आशाताई असती तर तिने शेक-पाणी सांगत न बसता १०८ ला फोन लावला असता. आणि तिच्या हातून चूक झाली असती, तर दुसऱ्याच दिवशी तिला जाब विचारायला दहा जण उभे राहिले असते. यंत्राला कोण विचारणार? उत्तराखाली बारीक अक्षरात लिहिलेले असते, हा वैद्यकीय सल्ला नाही. सल्ला द्यायचा आणि हात वर करायचे!

तरीही भाचीने मला जे सांगितले ते लपवणार नाही. ती म्हणाली, "आत्या, डॉक्टरले विचारायची लाज वाटते, याले नाही वाटत." पाळीत फार जाते, हे तिने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला विचारले असेल तर त्या यंत्राला. ते तिच्यावर खेकसले नाही, 'पुढची या' म्हणाले नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. बाई दुखणे बोलत नाही, कारण तिला कोणी विचारत नाही, हे तेव्हाच जगाला कळले होते. इतक्या वर्षांनी आमच्या मुलीला जीव मोकळा करायला यंत्र सापडते, ही यंत्राची थोरवी नव्हे. ही आपल्या आरोग्यव्यवस्थेची नामुष्की आहे.

आता त्या सल्ल्याकडे पाहा. भरपूर पाणी प्या. ते हापशीवरून आणायचे कोणी? विश्रांती घ्या. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, पहाटे जंगलात जाऊन पाने तोडायची आणि घरी येऊन पुडे बांधायचे. त्यात खंड पडला तर वर्षाचा रोख पैसा बुडतो. ताण टाळा. सासू म्हणते, हे रक्त तुझ्या माहेरचे. घरातल्या पुरुषाला दुखले तर त्याला खाटेवर पाणी मिळते, हे यंत्राला कोणी शिकवले आहे काय? जुनाट आजार सांभाळणे म्हणजे माहिती मिळवणे, असे समजणाऱ्यांच्या घरी पाणी नळाने येते. आमच्याकडे माहितीची वानवा आहेच, पण त्याहून मोठी वानवा आहे ती उसंतीची, गोळ्यांची आणि रस्त्याची. सप्टेंबर २०२४ मध्ये याच अहेरी तालुक्यातल्या आईबापांनी आपल्या दोन मुलांचे मृतदेह खांद्यावर घेऊन चिखलातून पायपीट केली. त्यांना कोणते उत्तर कमी पडले होते?

हायड्रॉक्सियुरिया या गोळीने सिकलसेलच्या वेदनांचे झटके कमी होतात. पण ती घेताना वेळोवेळी रक्त तपासावे लागते आणि दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी बोलावे लागते. रक्त तपासायला फोन पुरत नाही. तिथे प्रयोगशाळा लागते, तंत्रज्ञ लागतो, गोळ्यांचा साठा लागतो.

दुसरी गोष्ट, फोन कोणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ मध्ये देशातल्या ५४ टक्केच बायकांकडे स्वतः वापरायचा फोन होता. भाचीने यंत्राला विचारले होते, मला मूल झाले तर त्यालाही हा आजार होईल का? यंत्राने बरोबर सांगितले. सिकलसेल आई आणि बाप दोघांकडून येतो, तेव्हा नवऱ्याचेही रक्त तपासा. तो प्रश्न फोनमध्ये तसाच राहिला आणि नवऱ्याने वाचला. 'माझे रक्त कशाला तपासायचे?' म्हणून घरात आठ दिवस भांडण. बाईने विश्वासाने सांगितलेले गुपित नवऱ्याच्या हाती पडले आणि कंपनीच्याही. आणि ज्या माडिया बाईला मराठीच येत नाही, तिचे काय? केंद्र सरकारने २०२५ मध्ये आणलेल्या 'आदिवाणी' या भाषांतराच्या साधनात गोंडी आहे, हे चांगलेच. पण भाषांतर म्हणजे उपचार नव्हेत.

नवे तंत्र गरीब बाईच्या भल्याच्या नावाने येते, हा अनुभव आपल्या चळवळीला नवा नाही. १९८५ मध्ये आजच्या तेलंगणातल्या पटानचेरू इथे नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनची चाचणी बायकांवर व्हायची होती. हा प्रयोग आहे, हे त्यांना नीट सांगितलेच नव्हते. बायकांच्या संघटना आडव्या आल्या आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अमेरिकेत २०२३ मध्ये खाण्याच्या विकारांसाठी काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेने हेल्पलाइन बंद करायचे ठरवले. कर्मचाऱ्यांनी नुकतीच युनियन बांधली होती. लोकांना 'टेसा' नावाच्या चॅटबॉटकडे पाठवायचे ठरले. टेसाने उपासमारीच्या आजारातून जाणाऱ्यांना वजन कमी करायचे सल्ले दिले. बभ्रा झाल्यावर तिला गुंडाळावे लागले.

म्हणून मला खरी भीती यंत्राची नाही, त्याच्या आडून होणाऱ्या काटकसरीची आहे. महाराष्ट्रातल्या आशाताई २०२३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा २०२४ च्या सुरुवातीला संपावर गेल्या. त्यांना वेतन नाही, मानधन आहे. त्या कामगार नाहीत, 'स्वयंसेविका' आहेत. उद्या कोणी म्हणेल, आता फोनच सगळे सांगतो, आशा कशाला?

हेच यंत्र आशाताईच्या हातात दिले तर? राजस्थानात उदयपूरकडे 'आशाबॉट' तसा वापरला आहे. आशाने प्रश्न विचारायचा, आणि यंत्राला उत्तर येत नसेल तर प्रश्न अनुभवी परिचारिकांकडे जायचा. यंत्र बाईच्या जागी नाही, बाईच्या हाताखाली! ही दिशा मला मान्य आहे.

तेव्हा आपण मागायचे ते हे. आजाराचा सल्ला देणाऱ्या यंत्राने धोक्याची खूण पहिल्या ओळीत आणि ऐकू येईल अशी सांगावी. चुकीची जबाबदारी कोणाची, हे कायद्याने ठरावे. बाईचे प्रश्न तिच्या संमतीवाचून कोणाच्या हाती जाऊ नयेत. सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ मध्ये सुरू झाले आणि त्याची मुदत २०४७ आहे. तोवर वाट न पाहता प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या आणि रक्ततपासणी हवी. लग्नाआधी मुलीचे रक्त तपासता, तर मुलाचेही तपासा. आणि आशाताईला वेतन द्या.

भाची आता बरी आहे. परवा पुन्हा अंग दुखले तेव्हा तिने फोन मागितला नाही, हंडा खाली ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, आज पाणी तुम्ही आणा. त्याने आणले. हा सल्ला तिला यंत्राने दिला नव्हता, तो तिला आपल्या बैठकीत मिळाला होता.