प्रतिपिंडांचा अहवाल : काय सांगतो, काय सांगत नाही

२०२० च्या उत्तरार्धात बाजारपेठा हळूहळू उघडू लागल्या, तेव्हा अनेक व्यापारी कुटुंबांत रक्ततपासणीचा एक नवा कागद येऊ लागला. ‘कोरोना प्रतिपिंडे आढळली’ एवढाच त्याचा मथितार्थ. परंतु घराघरांत तो परवान्यासारखा वाचला गेला. महिनोन्‌महिने घरात बसलेले वडीलधारे पुन्हा पेढीवर जाऊ लागले, मुखपट्टी नाकाखाली उतरली. पुढे लस उपलब्ध झाल्यावरही ‘आपल्याला आता तिची काय गरज?’ असा प्रश्न काहींना पडला. तो दिलासा स्वाभाविक होता. मात्र त्या कागदाने तसे कोणतेही वचन दिलेले नव्हते.

नाकातून किंवा घशातून घेतलेल्या नमुन्याची आरटीपीसीआर तपासणी विषाणू शरीरात आत्ता आहे का, हे पाहते. प्रतिपिंड तपासणी रक्तात विषाणूची नव्हे, त्याच्या पाऊलखुणांची चौकशी करते. संसर्ग झाल्यावर शरीर जी प्रथिने तयार करते, त्यांपैकी ‘आयजीएम’ सामान्यतः आधी दिसतात व लवकर ओसरतात. ‘आयजीजी’ अधिक काळ टिकतात. ही प्रथिने रक्तात ओळखता येण्यास बहुधा एक ते तीन आठवडे लागतात. म्हणून कालपासून ताप असलेल्या माणसाने ही तपासणी करून ‘काही नाही’ असा निष्कर्ष काढणे घरातील सर्वांनाच महागात पडू शकते.

तपासणीचे साधनही महत्त्वाचे असते. एप्रिल २०२० मध्ये परदेशातून आणलेल्या झटपट तपासणी संचांचे निकाल इतके विसंगत निघाले, की भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राज्यांना त्यांचा वापर थांबविण्यास सांगितले. पुढच्याच महिन्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने ‘कोविड कवच’ ही एलायझा चाचणी विकसित केल्याचे जाहीर झाले. तीत सुमारे अडीच तासांत ९० नमुने एकत्र तपासता येत.

चाचणी चांगली असली तरी हिशेब पाहावाच लागतो. समजा, १००० लोकांपैकी ५० जणांनाच पूर्वी संसर्ग झाला आहे. चाचणी शंभर बाधितांपैकी ९५ जणांना ओळखते आणि शंभर अबाधितांपैकी पाच जणांना चुकून बाधित ठरविते. तर त्या ५० मधील सुमारे ४७ जण सापडतील. पण उरलेल्या ९५० मधीलही सुमारे ४७ जणांच्या हाती तोच ‘आढळली’चा अहवाल पडेल. म्हणजे अर्धी जमा खोटी! त्याच १००० मध्ये ५०० जण बाधित असतील, तर ४७५ अहवाल खरे व केवळ २५ खोटे निघतील. कागदावरचा शब्द तोच असला, तरी त्याची किंमत आसपास साथ किती पसरली आहे यावर ठरते.

या तपासणीचा खरा उपयोग समाजाचे चित्र पाहण्यासाठी झाला. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत ६,९३६ नमुने तपासले गेले. झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्त्यांत सुमारे १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. नोंदलेल्या रुग्णसंख्येपेक्षा संसर्ग किती तरी अधिक पसरला होता आणि दाटीच्या वस्तीत राहणाऱ्यांनी त्याचा केवढा भार सोसला होता, हे त्यातून दिसले. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हे प्रमाण ६७.६ टक्क्यांवर पोहोचले होते. तरीही त्या हिवाळ्यात ओमायक्रॉन आला, तेव्हा पूर्वी बाधित झालेले व लस घेतलेले अनेकजण पुन्हा आजारी पडले.

याचे कारण असे, की प्रतिपिंडे म्हणजे संपूर्ण प्रतिकारशक्ती नव्हे. स्मरणपेशी व टी-पेशीही शरीराचे रक्षण करतात आणि त्यांची मोजदाद या अहवालात नसते. उलट प्रतिपिंडे असूनही बदललेला विषाणू त्यांना चुकवू शकतो. शिवाय प्रत्येक चाचणी एकच प्रथिन शोधते असे नाही. कोविशील्ड लस केवळ विषाणूच्या काटेरी प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते. प्रयोगशाळेची चाचणी जर न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे शोधत असेल, तर लस उत्तम लागू पडूनही अहवाल ‘आढळली नाहीत’ असाच येईल. लशीनंतर अशा अहवालाने खचून गेलेल्यांनी हे ध्यानी घ्यावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही मे २०२१ मध्ये, लस घेतलेल्यांची प्रतिकारशक्ती ठरविण्यासाठी ही चाचणी वापरू नये, असे स्पष्ट केले. तत्पूर्वी, एप्रिल २०२० मध्येच, जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिपिंडांच्या आधारे ‘प्रतिकारशक्तीचे पारपत्र’ देण्याविरुद्ध सावध केले होते.

तेव्हा हा अहवाल जुन्या व्यवहाराची नोंद आहे, पुढील वर्षाची हमी नव्हे. कोणताही सुज्ञ व्यापारी केवळ मागील नोंद पाहून नवी उधारी देत नाही. घरातील वृद्ध, मधुमेही वा हृदयविकाराचा रुग्ण यांच्याबाबतीत लस, गर्दीतील मुखपट्टी आणि लक्षणे दिसताच वेगळे राहणे यांचा निर्णय वैद्यांच्या सल्ल्यानेच घ्यावा. त्या एका कागदावर सोपवू नये.